काळा, बिनशिंगी अँगस वळू आपल्या दावणीला चालेल का?

मोबाइलवर एक व्हिडिओ फिरतो आहे. काळाभोर, चकचकीत अंगाचा, डोक्यावर शिंगांचा मागमूस नसलेला वळू लिलावाच्या रिंगणात उभा आहे आणि खाली त्याची बोली डॉलरचे रुपये करून लिहिली आहे. चिकोडी-निपाणीकडे सकाळी डेअरीवर दूध घालायला रांगेत उभं राहिलं की कुणी ना कुणी तो दाखवतोच. परवा शेजारगावच्या तात्यांनी फोन माझ्यासमोर धरला आणि विचारलं, "असला एक वळू आणला तर आपली जनावरं सुधारतील की ओ?"

प्रश्न रास्त आहे. परदेशी वळूचं बी वापरून गाई सुधारणं आपल्याला नवीन नाही. सीमाभागातल्या कितीतरी गोठ्यांत आज जी 'जर्शी' उभी आहे ती त्याच वाटेने आली. मग जर्सी चालते, होल्स्टीन चालते, तर अँगस का नको? कॅन हातात धरून, मागच्या माणसाचा धक्का खात या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. म्हणून इथे बैजवार सांगतो.

अँगस कुठला, कशासाठी?

स्कॉटलंडच्या ईशान्येला अबर्डीन आणि अँगस असे दोन परगणे आहेत. थंड, ओला, गवताळ मुलूख. तिथल्या गावठी काळ्या, बिनशिंगी गुरांमधून एकोणिसाव्या शतकात ही जात घडवली गेली. किलोर नावाच्या ठिकाणी शेती करणाऱ्या ह्यू वॉटसन यांनी आपल्या कळपातली सर्वांत चांगली काळी, बिनशिंगी जनावरंच पुढच्या पैदाशीला ठेवायची, असा नेम धरला. पुढे १८६२ साली या जातीची नोंदवही छापली गेली. त्यात वळूंमध्ये पहिला क्रमांक मिळाला वॉटसन यांच्या 'ओल्ड जॉक'ला. त्यांच्याच कळपातली 'ओल्ड ग्रॅनी' ही गाय ३५ वर्षं जगली आणि तिने २९ वासरं दिली, अशी नोंद आहे. आज जगभर जे अँगस आहेत त्यांच्यातल्या बहुतेकांचा वंश या दोन जनावरांपर्यंत मागे नेता येतो.

ही जात मांसासाठीच आहे. दुधाची नाही आणि कामाचीही नाही. तिचं मोल ज्या गुणांमुळे आहे तेही मांसधंद्यातलेच. वासरू लवकर अंगावर भरतं आणि दीड-दोन वर्षांत विक्रीला तयार होतं. मांसाच्या तंतूंमध्ये पांढऱ्या चरबीची बारीक जाळी धरते, आणि अमेरिकेत मांसाची सरकारी प्रत मुख्यतः त्या जाळीवर ठरते. शिंगं नसल्यामुळे दाटीने ठेवलेली जनावरं एकमेकांना जखमा करत नाहीत. वासरू जन्मताना बेताच्या आकाराचं असतं, त्यामुळे पहिलारू कालवडसुद्धा फारशी न अडता विते.

एका वळूने अख्खा कळप कसा बदलतो?

आपल्या भागात उसाचं उदाहरण सगळ्यांना चटकन कळतं. ८६०३२ या जातीचं कांडं लावलं की ८६०३२ च उगवतो. कांडं म्हणजे त्या उसाचाच तुकडा. जनावराचं तसं नसतं. वासराला अर्धं रक्त बापाकडून येतं आणि अर्धं आईकडून, आणि ते अर्धं कुठलं हे दरवेळी नव्याने ठरतं. एकाच आईबापाची दोन भावंडं सारखी नसतात ती याचमुळे. तेव्हा लाखाचा वळू आणला म्हणजे लाखाची वासरं होतात, हा हिशेब मुळातच चुकतो.

तरीही सगळे वळूच्याच मागे का असतात? कारण गाय वर्षाला जेमतेम एक वासरू देते. वळू एका हंगामात पंचवीस-तीस गाई सहज भरतो. आणि त्याचं बी गोठवून ठेवलं तर हजारो. बी म्हणजे रेत. वळूकडून ते घेऊन, पातळ करून, काडीएवढ्या बारीक नळ्यांत भरतात आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर साठवतात. गावात डॉक्टर दुचाकीला जो डबा अडकवून येतात, त्यात हीच 'कांडी' असते. एका कांडीत पाव मिलिलिटर रेत मावतं. कळपातली एक गाय चुकीची निघाली तर नुकसान एका दावणीचं. वळू चुकीचा निघाला तर अख्ख्या पिढीचं.

नुसत्या वळूंनी कळप कसा पालटतो, याची एक जुनी खरी गोष्ट आहे. जॉर्ज ग्रँट हा लंडनमधला रेशमाचा व्यापारी. धंदा सोडून त्याने अमेरिकेतल्या कॅन्ससच्या माळावर जमीन घेतली आणि १८७३ साली स्कॉटलंडहून चार अँगस वळू नेले. त्या माळावर तेव्हा टेक्सासच्या लांब शिंगांच्या गाई होत्या. काटक, पण अंगाने हाडकुळ्या. त्याच वर्षी यातले दोन वळू कॅन्सस सिटीच्या प्रदर्शनात मांडले, तेव्हा लोकांनी त्यांना विचित्रच ठरवलं. शिंगं नसलेला, काळा बैल त्यांनी पाहिलाच नव्हता. पण त्या वळूंची टेक्सासच्या गाईंना झालेली वासरं काळी आणि बिनशिंगी निपजली, उघड्या माळावरचा हिवाळा त्यांनी इतरांपेक्षा चांगला काढला आणि वसंतात ती वजनालाही जास्त भरली. मग मागणी वाढली. १८७८ ते १८८३ या काळात सुमारे १,२०० अँगस जनावरं अमेरिकेत उतरली आणि १८८३ साली तिथली पैदासकारांची संघटना उभी राहिली.

तात्यांच्या मनात हेच चित्र आहे. म्हणून ही गोष्ट नीट उकलून बघू या. कॅन्ससमध्ये ती का जमली?

पहिल्या पिढीतली वाढ आणि हायब्रीडचं बी

मका किंवा ज्वारीचं हायब्रीड बियाणं आपण दरवर्षी विकत आणतो. पहिल्या वर्षी पीक जोरात येतं. तेच दाणे ठेवून पुढच्या वर्षी पेरले तर कणसं बारीक-मोठी होतात आणि उतारा घटतो. जनावरांतही अगदी हेच होतं. लांबच्या दोन जातींचा संकर केला की पहिल्या पिढीचं वासरू अनेक बाबतींत दोन्ही जातींच्या सरासरीपेक्षा सरस निघतं. त्याला 'संकरज जोम' म्हणतात. वासरू जगण्याचं प्रमाण, रोगाला तोंड देण्याची ताकद, गाय वेळेवर गाभण राहणं, अशा गोष्टींत हा जोम सर्वांत जास्त दिसतो.

टेक्सासच्या गाई आणि स्कॉटलंडचे वळू एकमेकांपासून इतके दूरचे होते की हा जोम भरपूर मिळाला. काळा रंग लालवर आणि बिनशिंगीपणा शिंगांवर मात करतो, त्यामुळे पहिल्याच पिढीत फरक डोळ्यांना दिसला. डोळ्यांना दिसलं की विश्वास बसतो. पण ही पहिली पिढी आपसात भरवली की पुढच्या पिढीत जोम निम्म्यावर येतो. आणि पुन्हा पुन्हा अँगसच वापरत गेलं तर रक्त अर्ध्यावरून पाऊण, मग साडेसत्त्याऐंशी टक्के, असं चढत जातं आणि जनावर जवळजवळ अँगसच होतं. त्याचे गुण येतात, त्याची नाजूक बाजूही येते.

आपल्या जर्शीच्या बाबतीत हाच हिशेब अनेकांनी केला नाही. पहिल्या संकराची गाय बारा-पंधरा लिटर देऊ लागली म्हटल्यावर तिच्या कालवडीलाही परदेशी कांडी, तिच्या कालवडीलाही परदेशी कांडी. दूध वाढलं खरं, पण चौथ्या पिढीला गोठ्यात पंखा लागला, फॉगर लागला आणि महिन्याला औषधाचं बिल. पुष्कळ घरांत हे मी पाहिलं आहे आणि दर वेळी वाईट वाटतं, कारण ही चूक कुणी हौसेने केली नव्हती. रक्त किती टक्क्यांवर थांबवायचं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

चांगला वळू ओळखायचा कसा?

लिलावातला वळू महाग असतो तो रंगामुळे नाही. त्याच्या नावासमोर आकड्यांचा एक तक्ता असतो, आणि खरी किंमत त्या तक्त्याची असते.

आपण जत्रेत खोंड कसा निवडतो? शिंगांचा बाक, वशिंड, पुठ्ठा, चाल, कातडीची लव. चिंचलीच्या मायाक्काच्या यात्रेला बैलगाड्या येतात तेव्हा जाणती माणसं बैलाभोवती एक फेरी मारून त्याची पारख करतात. ती नजर मोलाची आहे आणि तिनेच खिलार घडवला. पण नजरेला एक मर्यादा असते. समोरचा खोंड दिसायला भरलेला आहे तो त्याच्या रक्तामुळे, की मालकाने त्याला दोन वर्षं दूध, अंडी आणि सरकी पेंड घातली म्हणून? रक्त वासरात उतरेल, पेंड उतरणार नाही.

दोन जनावरांत दिसणारा फरक किती रक्ताचा आणि किती गोठ्याचा, या वाटणीला 'आनुवंशिकता' म्हणतात. मांसातली चरबीची जाळी, वाढीचं वजन यांत रक्ताचा वाटा बऱ्यापैकी मोठा असतो. दुधात मध्यम. गाय वेळेवर गाभण राहणं यात तो फारच थोडा, दहा टक्क्यांच्याही आत. ते बहुतांश खाणं, माज ओळखणं आणि आरोग्य यांवर अवलंबून असतं. म्हणजे ज्याची गाय वारंवार उलटते, भरवूनही गाभण राहत नाही, त्याने वळू बदलण्याआधी गव्हाण बघावी.

अँगसवाले काय करतात? वासरू जन्मलं की वजन, आईपासून तोडलं की वजन, वर्षाचं झालं की वजन. एकाच कळपात, एकाच चाऱ्यावर वाढलेल्या वासरांशी तुलना करतात, म्हणजे पेंडीचा फरक गळून पडतो. हजारो कळपांच्या अशा नोंदी जोडून प्रत्येक वळूचं 'पैदास मूल्य' काढतात. समजा एखाद्या वळूचं वर्षाच्या वजनाचं पैदास मूल्य २० किलो जास्त आहे. त्याच्या वासरांना सरासरी त्यातले १० किलो मिळतील, कारण अर्धंच रक्त उतरतं. आकडा एवढंच सांगतो, पण ते भरवशाचं असतं. आता रक्ताचा किंवा केसांचा नमुना तपासूनही हा अंदाज लहानपणीच बांधतात.

दुधात हे काम जास्त अवघड आहे. वळू स्वतः दूध देत नाही! त्याची परीक्षा त्याच्या मुलींवरून करावी लागते. आज गाय भरवली तर नऊ-साडेनऊ महिन्यांनी वासरू, ती कालवड मोठी होऊन गाभण राहणार, विणार, आणि मग तिची पहिली धार. निकाल हाती यायला तीन-चार वर्षं. खिलारमध्ये त्याहून जास्त. एवढा काळ लिहून ठेवलं नाही तर कुणाच्या बापाने काय दिलं हे कुणालाच आठवत नाही.

आकड्यांचाही अतिरेक होतो, हे सांगायला हवं. २००८ साली अमेरिकेतल्या अँगस जातीत वाकडी, ताठरलेली, मेलेली वासरं जन्मण्याचा दोष उघडकीस आला. माग काढला तेव्हा तो एका अतिशय लोकप्रिय वळूच्या वंशातून पसरल्याचं कळलं. वळूची तब्येत ठणठणीत होती, आकडे उत्तम होते. दोष लपलेला होता, आणि आई-बाप दोघांकडून तोच दोष आला की तो वासरात प्रकट व्हायचा. सगळ्यांनी एकच नामांकित वळू वापरला की नातीला आजोबाच भरवल्यासारखं होतं. आपल्याकडेही गावात एकच पोळ फिरत असला की दुसऱ्या-तिसऱ्या पिढीला हेच घडतं.

मग आपल्या गाईला अँगस भरवला तर काय होईल?

समजा खिलार गाईला अँगसची कांडी लावली. वासरू बहुधा काळं, बहुतेक बिनशिंगी आणि वशिंड नावापुरतंच असलेलं होईल. अंगाने भरेल, लवकर वाढेल. पुढे?

कालवड असेल तर तिच्या आईलाही दूध बेताचं आणि बापाच्या जातीलाही दूध वासरापुरतं. धारेला ती जर्शीच्या जवळपासही जाणार नाही. खोंड असेल तर त्याला जुंपायचा कसा? आपलं जू वशिंडाच्या पुढे मानेवर टेकतं. वशिंड नसलेल्या बैलाच्या मानेवर ते सरकतं, मान सोलते. जर्शीच्या गोऱ्ह्यांबाबत शेतकऱ्यांची हीच तक्रार आहे. अथणीकडच्या मे महिन्यातल्या उन्हात काळी कातडी आणि दाट लव घेऊन तो नांगराला कितपत टिकेल, हेही आलंच. आणि शर्यतीच्या मैदानात त्याला कोण विचारणार? बैलगाडी शर्यतींचे कायदे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये वैध ठरवल्यापासून चपळ खिलार खोंडांचा भाव चढला आहे. तिथे जाडजूड अंगाचा उपयोग नाही.

राहिलं मांस. अँगसची सगळी किंमत तिथेच आहे आणि आपल्याकडे तो रस्ता बंद आहे. कर्नाटकात २०२० च्या कायद्याने गाय, वासरू, वळू, बैल या सगळ्यांच्या कत्तलीवर बंदी आहे आणि म्हशी-रेड्यांनाही तेरा वर्षांच्या वयाची अट आहे. पलीकडे महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू यांनाही बंदी लागू झाली. कायदा बाजूला ठेवला तरी इथल्या घराघरांत गाय ज्या भावनेने सांभाळली जाते, बेंदराला बैलाच्या पायावर पाणी घालून त्याला ओवाळलं जातं, त्या घरात मांसासाठी वळू आणण्याचा विचार बसत नाही. ज्या कामासाठी जात घडवली ते कामच जिथे नाही, तिथे ती जात कितीही उत्तम असली तरी दावणीला नुसता खर्च.

उन्हाचा आणि गोचिडाचा मुद्दाही थोडा खोलात बघायला हवा. गाईंचे दोन मोठे कुळप्रकार आहेत. युरोपातल्या बिनवशिंडाच्या आणि आपल्याकडच्या वशिंडाच्या. आपल्या गाईंची लव आखूड, कातडी सैल, गळ्याखाली लोंबती पोळी, घामाच्या ग्रंथी जास्त. त्या उष्णता बाहेर टाकतात आणि गोचीडही त्यांच्यावर कमी टिकतो. अँगसला थंडीसाठी जाड लव मिळाली आहे. पारा तिशीच्या पुढे गेला की तो धापा टाकतो, चारा कमी खातो, आणि वळूचं बीही कमजोर होतं. गोचिडातून येणारा थायलेरिया जर्शीला कसा झोपवतो हे ज्याने रात्री गोठ्यात बसून पाहिलं आहे, त्याला जास्त सांगायला नको. ताप, सुजलेल्या गाठी, लघवीचा रंग बघत बसणं. तोच धोका अँगसच्या वासरालाही.

"पण जर्शी चालली की!"

हा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. उरुळीकांचनच्या मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये बाएफ संस्था उभी केली आणि परदेशी रेताने गावठी गाईंचा संकर शेतकऱ्याच्या दारात नेला. पुढे त्या वाटेने हजारो घरांत दुधाचा पगार सुरू झाला. तंबाखू आणि ऊस यांचे पैसे वर्षातून एकदा येतात, दुधाचं बिल दर दहा-पंधरा दिवसांनी. त्या बिलावर आपल्याकडे मुलामुलींची शिक्षणं झाली, ते मी कमी लेखणार नाही.

जर्शी टिकली कारण तिचा माल, म्हणजे दूध, घ्यायला रोज सकाळी गावात गाडी येते. उष्णता, गोचीड, गोऱ्ह्यांचा प्रश्न, हे सगळं दुधाच्या पैशाने भरून निघालं, आणि तेही कसंबसं. अँगसमध्ये तोटे तेच आहेत, भरून काढणारा पैसा मात्र नाही.

कुणी म्हणेल, परदेशात दुधाच्या गाईंनाही अँगसची कांडी लावतात. खरं आहे. कळपातल्या उत्तम गाईंना मादी वासरांची कांडी, म्हणजे नव्वद टक्क्यांच्या आसपास कालवडीच होतील असं निवडलेलं रेत, आणि उरलेल्या गाईंना अँगस. कारण तिथे ते काळं वासरू मांसासाठी चांगल्या भावात जातं. आपल्याला यातला पहिला अर्धा भागच उपयोगी आहे. मादी वासरांची कांडी आता सरकारी योजनेतूनही मिळते. गोऱ्ह्यांचं काय करायचं या प्रश्नाने जो रात्री जागतो, त्याने आधी तिची चौकशी करावी.

"म्हशीला चालेल का?"

नाही. गाय आणि म्हैस यांचा संकर होतच नाही. गाईच्या पेशीत ६० गुणसूत्रं असतात, आपल्या म्हशीच्या पेशीत ५०. म्हशीसाठी मुऱ्हा आहे, आणि दुष्काळी पट्ट्यात कमी चाऱ्यावर तग धरणारी पंढरपुरी आहे. त्यांचेही नोंद असलेले रेडे निवडता येतात.

"कांडी नको, जिवंत वळूच आणला तर?"

परदेशातून जनावर किंवा रेत आणण्यावर १८९८ च्या पशुधन आयात कायद्याचं नियंत्रण आहे. केंद्राची परवानगी, आरोग्य दाखले, विलगीकरण, हे सगळं ओलांडावं लागतं, आणि ते योग्यच आहे. एका जहाजातून आलेला रोग अख्ख्या देशात पसरू शकतो. ब्राझीलसारख्या उष्ण देशात अँगसचा संकर मोठ्या प्रमाणावर होतो, पण तिथेही उन्हात वळू टिकत नाही म्हणून बहुतेक काम रेतावरच चालतं.

गावातल्या देशी पोळाबद्दलही एक सांगतो. तपासणी न केलेला पोळ या गाईवरून त्या गाईवर गेला की ब्रुसेला पसरण्याची भीती असते. सातव्या-आठव्या महिन्यात गाय गाभडते ती पुष्कळदा याच रोगाने, आणि तो माणसालाही होतो. वार ओढताना उघड्या हातांनी ओढू नका. चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना याची लस एकदाच द्यायची असते. तेवढी चुकवू नका.

कृष्णाकाठचा वळू अमेरिकेला गेला होता

हे तात्यांना सांगितलं तेव्हा ते काही वेळ गप्पच झाले.

अमेरिकेच्या दक्षिणेला, लुइझियाना-टेक्सासच्या दमट उष्णतेत, युरोपातून आलेली गुरं गोचिडांनी आणि उन्हाने बेजार व्हायची. उपाय म्हणून तिथल्या पशुपालकांनी वशिंडाचे वळू मागवले. १८५४ साली लुइझियानातल्या रिचर्ड बॅरो यांना दोन भारतीय वळू मिळाले. पुढे १९२६ पर्यंत, नोंदींनुसार, सुमारे २६६ वळू आणि अवघ्या २२ गाई तिथे पोहोचल्या. कांकरेज, ओंगोल, गीर, आणि काही प्रमाणात कृष्णा खोऱ्याची जात, या रक्तांतून त्यांनी 'ब्राह्मण' नावाची जात घडवली. गाई २२ आणि वळू २६६! आधी सांगितलेला वळूचा नियम इथेही दिसतो, फक्त वळू आपले होते.

मग याच ब्राह्मण गुरांचा त्यांनी अँगसशी संकर केला आणि तीन अष्टमांश ब्राह्मण, पाच अष्टमांश अँगस असं प्रमाण ठरवून तिथेच थांबवलं. ती जात म्हणजे 'ब्रँगस'. १९४९ मध्ये तिची संघटना झाली. काळी, बिनशिंगी, पण उन्हात चरणारी आणि गोचिडाला पुरून उरणारी. रक्त कुठे थांबवायचं हे त्यांनी ठरवलं आणि पिढ्यान्‌पिढ्या लिहून ठेवलं.

आणि ती कृष्णा खोऱ्याची जात? ती आपलीच. सांगली-मिरजेकडच्या पटवर्धन संस्थानिकांनी आणि दक्षिण महाराष्ट्रातल्या इतर जहागीरदारांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गीर, ओंगोल, कांकरेज आणि इथल्या म्हैसुरी वळणाच्या गाईंतून ती मुद्दाम घडवली. काळ्या चिकट रानात नांगर ओढायला ताकदीचा, उंचापुरा बैल हवा होता. गाय दूधही बऱ्यापैकी द्यायची. अथणी, रायबाग, जमखंडी, मुधोळच्या काळ्या मातीची ती जात. ट्रॅक्टर आला, नांगराचं काम गेलं, आणि तिची संख्या घटत घटत आज ती शोधावी लागते. तिच्या रक्ताचा अंश घेतलेली गुरं टेक्सासच्या कुरणात नोंदणी क्रमांकासह चरत आहेत. इथे मात्र तिचा शुद्ध वळू कुठे मिळेल असं कुणी विचारलं तर दहा गावं फिरावी लागतील. हे मला फार लागतं.

मग तात्यांनी काय करावं?

तात्यांकडे तीन जर्शी, एक खिलार आणि दोन म्हशी आहेत. त्यांना मी एवढंच सांगितलं. खिलार गाईला खिलारच वळू, पण तो कुणाचा, त्याची वासरं कशी निघाली, हे दोन-तीन मालकांना विचारून. जास्त परदेशी रक्ताच्या जर्शीला पुन्हा शुद्ध परदेशी कांडी नको. संकरित वळूची किंवा गीर-साहिवाल या देशी दुधाळ जातींची कांडी मिळते का ते डॉक्टरांना विचारायचं. थोडं दूध कमी झालं तरी चालेल, उन्हाळ्यात गाय उभी राहिली पाहिजे.

जनावराच्या कानात जो पिवळा बिल्ला मारतात, त्यावर बारा अंकी क्रमांक असतो. पुष्कळांना तो विम्यापुरता वाटतो. त्या क्रमांकावर लसी, रेतन, वेत, दूध, सगळं चढवता येतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमला भारतीय गाई-म्हशींच्या रक्ततपासणीसाठी 'गौ चिप' आणि 'महिष चिप' जाहीर झाल्या. लहान वयातच वळूचा अंदाज बांधण्याचं तेच तंत्र आहे. पण चिप नुसती रक्त वाचते. त्या रक्ताच्या गाईने दूध किती दिलं हे कुणीतरी लिहिलेलं असेल तरच तिला अर्थ लावता येतो.

तात्यांच्या सुनेने दुसऱ्या दिवशी गोठ्याच्या भिंतीला शाळेची जुनी वही सुतळीने बांधली. प्रत्येक जनावराला दोन पानं. बिल्ल्याचा क्रमांक, माजाची तारीख, कांडीवर छापलेला वळूचा क्रमांक, विण्याची तारीख, आणि आठवड्यातून एकदा दोन्ही वेळच्या धारेचं माप. कांडी वापरून झाली की डॉक्टर ती कोपऱ्यात टाकून जातात. आता ती उचलून धुऊन त्या पानाला चिकटवायची, असं तिने स्वतःच ठरवलं. परवा गेलो तेव्हा वहीत दोन कांड्या चिकटवलेल्या होत्या, आणि तिसऱ्या जर्शीच्या पानावर तिने पेन्सिलीने लिहिलं होतं, "आईचा बाप कोण, विचारायचं."